आधी झोक, मग मार

माझ्या थोरल्या भावाला पहिला फटका मी मारला. हे आधीच सांगून टाकतो.

शहात्तर सालची गोष्ट. माघ महिना होता, साखर कारखान्याचं गाळप जोरात चाललं होतं. आमचं गाव इस्लामपूरच्या वरच्या अंगाला. त्याच्या दोन वर्षं आधी गावानं औंधाला जाऊन यमाईच्या पायरीवर हात ठेवून दारूबंदीची शपथ घेतली होती. शपथ घालणारा सरपंच हंबीरराव. नियमही त्याचाच. जो पिऊन गावात येईल त्याला चावडीच्या खांबाला बांधायचं आणि चिंचेच्या ओल्या फोकानं घरटी एक फटका मारायचा. पहिला फटका पिणाऱ्याच्या घरातल्यानं मारायचा. ‘पैला घरचा’ असं त्याला नावच पडलं होतं. घरच्यानं हात आखडला तर ते घर वाळीत. वाळीत म्हणजे नुसतं बोलणं बंद नव्हे. कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची हे हंबीररावाच्या हातात होतं. तोड आली नाही की ऊस उभ्या उभ्या वाळतो. त्या भीतीनं आईनं लेकाला मारलं होतं, बायकोनं नवऱ्याला. एका बाईनं मारताना डोळे मिटले, तर तिला डोळे उघडून पुन्हा मारायला लावलं. लोक याला सुधारणा म्हणायचे. आणीबाणीचं साल, साहेबांना असली गावं हवीच होती. तालुक्याहून येऊन हंबीररावाला हार घालून गेले.

माझा भाऊ नाथाजी फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला. वय पन्नासच्या आत. फौजेत राहूनही त्यानं रमला तोंड लावलं नव्हतं. महिन्यातनं एकदा तो पेन्शनीला साताऱ्याला जायचा, तिथल्या फौजी कॅन्टीनमधनं साबण, चहा आणि रमची एक बाटली आणायचा. ती बाटली कुणासाठी हे गावात तिघांनाच माहीत होतं. दादाला, मला, आणि दार लावून ती रिकामी करणाऱ्या हंबीररावाला.

त्या रविवारी दादा साताऱ्याहून सकाळी अकराच्या एस्टीनं आला. मी चावडीपुढंच होतो. गाडीतनं उतरला तोच पाय फाकून, हलत्या नावेत उभं राहावं तसा. दोन पावलं टाकली आणि उजवीकडं कलला, लिंबाच्या झाडावर आदळला. उठला, पुन्हा कलला. चावडीच्या भिंतीला हात लावून भडाभडा ओकला.

‘‘हवालदारसाब, आज परेड वाकडी!’’ कोणतरी ओरडलं. लोक हसले.

दादानं खिशातनं तंबाखूची पिशवी काढली. चुना लावून मळली. चिमूट तोंडाकडं नेली तर हात गालावर गेला. पुन्हा नेली, हात कानावर गेला.

‘‘कानात भरतोय बघा गड्यांनो! कानाला तल्लफ आलीया!’’

मी जवळ गेलो. दादानं माझा खांदा धरला. ‘‘अर्ज्या, पहाटंधरनं मान लय दुखतीया,’’ तो म्हणाला. जीभ जाड झाली होती, शब्द लोळत होते. ‘‘जमीन फिरतीया रं. मला घरला न्हे.’’

त्याचं तोंड माझ्या नाकाशी होतं. वास ओकारीचा होता, आंबट. दारूचा नव्हता. हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही, तेव्हाच.

तोवर कुणीतरी त्याची सामानाची पिशवी पालथी केली. साबण पडले, बाटली पडली. हंबीरराव पुढं आला, बाटली उचलून काखेत मारली. ‘‘हा पुरावा,’’ म्हणाला. सील फोडलेलं नव्हतं. ते बघायला त्यानं कुणाला वेळच दिला नाही.

‘‘आबा, बाटली फोडलेली न्हाई,’’ मी हंबीररावाला हळू आवाजात म्हणालो.

‘‘मग दुसरी ढोसून आला आसंल. तुजा ऊस कुठला रं, वढ्याकडचा न्हवं?’’

एवढंच बोलला. दादाला खांबाला बांधलं, सदरा काढला. फोक पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला. दादाचे डोळे एका बाजूला झटके देत होते, मधूनच माझ्यावर येऊन ठरत होते.

‘‘अर्ज्या, मी प्यालो न्हाई.’’

मी मारला. हळू मारला तर पुन्हा मारायला लावतील म्हणून जोरात मारला. पाठीवर वळ उठला, त्यातनं रक्ताचे थेंब आले.

मग चावडीपुढं हजर होती तेवढ्या घरांची रांग लागली, रेशनच्या दुकानापुढं लागते तशी. हंबीरराव खुर्चीवर बसून मोजत होता. ज्यांचं दादाशी बांधावरनं भांडण होतं ते हात मागं नेऊन मारत होते, ज्यांचं काहीच भांडण नव्हतं ते बाकीच्यांचं बघून मारत होते. अकराव्या का बाराव्या फटक्याला दादाचे पाय गेले. दोरी ढिली होती. तो सरकत खाली आला आणि खांबाच्या दगडी बैठकीवर त्याचं डोकं आपटलं. डाव्या कानाच्या वर चामडी फाटली. तरी मागची दोन घरं म्हणाली, आमचा राहिला. त्यांनीही मारला.

शालूवैनी शेतातनं विळा घेऊन धावत आली. चौघा बायकांनी तिला धरली. ती त्यांना चावली, एकीच्या मनगटाचा लचका काढला. शिव्या मात्र तिनं फक्त मला दिल्या.

दादाला घरी आणून टाकलं. कुणीतरी सांगितलं, लिंबू पिळून ताक पाजा, उतरंल. ते नाकातनं परत आलं. गाव म्हणालं, झोपू द्या. आम्ही झोपू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी माझ्या दारात आली. ‘‘भावजी, हे उठंनात. घशात घरघर हाय.’’

मी दादाला हलवलं, चिमटा काढला. पापणी उघडली तर बुबुळं आपली आपण खालीवर होत होती. आत कुणी नव्हतं.

आता हंबीरराव घाबरला. दारूड्याला मारणं ही सुधारणा होती, पण तो मेला तर खून होता. स्वतःची जीप काढून स्वतःच चालवायला बसला. वाटेत आमच्याकडनं पाठ करून घेतलं. इस्लामपुरात विचारलं, ‘‘काय सांगायचं?’’ मी म्हणालो, ‘‘विहिरीच्या पायरीवरनं घसरला.’’ आष्ट्यात वैनीला विचारलं. ती बोलली नाही. ‘‘वैनीबाई, तुमचा ऊसबी अर्ज्याच्याच वावराला लागून हाय,’’ तो म्हणाला. मग तीही बोलली. सांगलीच्या पुलावर पुन्हा एकदा दोघांकडनं म्हणवून घेतलं.

सांगलीतला तो दवाखाना लहानच. डॉक्टर सुकुमार मगदूम जैन माणूस, बुटका, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. कांदालसूण न खाणारा हा माणूस कवट्या फोडायचं शिकून आला होता, मद्रासकडं कुठंतरी. त्यानं दादाचे डोळे उघडून बघितले, तळपायाला किल्ली ओढली, अंगठ्यानं भुवईचं हाड दाबलं. मग सदरा वर केला.

‘‘हे वळ कसले?’’

‘‘पडताना बाभळीत गेला जी,’’ हंबीरराव म्हणाला.

‘‘बाभळ रांगेत काटे मारते काय?’’

हंबीरराव हसला. डॉक्टर हसला नाही. त्याला वळांशी भांडायला वेळ नव्हता.

‘‘ऐका,’’ तो म्हणाला. ‘‘कवटीच्या आत बघायचं यंत्र विलायतेत निघालंय म्हणतात. माझ्याकडं नाही. माझं यंत्र म्हणजे तुमचं तोंड. डोक्याला मार लागून मग शुद्ध गेली असेल तर हाडाखाली रक्त साकळलं असणार, कानाच्या वर भोक पाडून ते काढायचं. पण मार लागायच्या आधीच बिघाड असेल तर दुखणं मागं, मानेच्या वर. तिथं उघडायचं. दोन्हीकडं उघडायला वेळ नाही, याचा श्वास अडकायला लागलाय. पडायच्या आधी कसा होता? चालताना झोक जात होता काय? ओकला काय?’’

‘‘ठणठणीत हुता!’’ हंबीरराव म्हणाला. ‘‘वाघागत चालत हुता. घसरला, बास.’’

वैनीनं पदर तोंडात कोंबला आणि माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

‘‘मग कानावर,’’ डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दार अर्धं उघडं होतं. आत न्हावी दादाचं डोकं भादरत होता, डाव्या कानाच्या वर जिथं जखम होती तिथं. मागचे केस तसेच ठेवले होते. त्या केसांकडं बघून मला पहिल्यांदा नीट समजलं की आमचं खोटं आता नुसतं खोटं राहिलेलं नाही. त्यानं जागा नेमली होती. तिथं भोक पडणार, तिथं काही निघणार नाही, आणि पलीकडं माझा भाऊ मरणार.

कस्तुरी सिस्टर कागद घेऊन आली. ‘‘डावी बाजू, कानाच्या वर. सही करतासा का अंगठा?’’

मी पेन घेतला. हंबीररावानं मागनं माझ्या मानेवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. ‘‘कर सही गड्या. उद्याच तोड लावतो तुजी. पैली गाडी तुजी.’’

तो धमकी देत होता तोवर मी मेंढरू होतो. त्यानं बक्षीस देऊ केलं तेव्हा माझं डोकं फिरलं. हातातला पेन मी त्याच्या पंजात घुसवला, हात मागं नेऊन. निब आत मोडलं. तो बोंबलला आणि त्याच हातानं माझ्या तोंडात मारली, माझ्या तोंडात त्याचं रक्त आणि शाई आली. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. आम्ही दोघं बाकासकट आडवे झालो. तो अंगानं दांडगा, माझ्या छातीवर गुडघा रोवून बसला, गळा धरला.

‘‘जीभ हासडीन तुजी भाडखाव! एक शबुद काडलास तर!’’

वैनीनं भाकरीचा पितळी डबा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या टाळक्यात घातला. एकदा नाही, तीनदा. सिस्टर किंचाळली. गळ्यावरची पकड सुटली आणि मी ओरडलो, ‘‘आधी झोक! डाक्टर, आधी झोक, मग मार!’’

डॉक्टर बाहेर आला. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘घसरला न्हाई त्यो. आमी मारला. बांधून मारला. पर त्येच्या आधीच झोक जात हुता. गाडीतनं उतरला तवाच.’’

‘‘ओकला होता?’’

‘‘माराच्या आधी. भडाभडा.’’

‘‘मान?’’

‘‘पहाटंपासनं दुखती म्हणाला. जमीन फिरती म्हणाला. जीभ लोळत हुती. म्हणून तर गाव म्हणालं प्यालाय.’’

‘‘प्याला होता?’’

‘‘न्हाई. वास न्हवता. मी हुंगलं हुतं.’’

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात शिवी होती, पण ती त्यानं गिळली. ‘‘हात? हातानं काही करताना बघितलंस?’’

‘‘तंबाखू खायला गेला. तोंडात घालायची तर गालावर, मग कानावर. लोक हसलं.’’

‘‘कुठला हात?’’

‘‘उजवा.’’

‘‘आणि कलत होता कुणीकडं?’’

‘‘उजवीकडंच.’’

डॉक्टर वळून आत ओरडला, ‘‘थांबव! तिकडचं राहू दे. पालथा करा त्याला, मागचे सगळे केस काढा, पार मानेपर्यंत!’’ मग मला म्हणाला, ‘‘उजवीकडचा लहान मेंदू गेलाय. माणूस यानं विचार करत नाही, तोल धरतो. एक रक्तवाहिनी तुंबली, तेवढा तुकडा मेला. मेलेला तुकडा सुजतो. तुझ्या भावाचा कालपासनं सुजतोय. मागं जागा किती, करवंटीएवढी. सूज पुढं सरकली की श्वासाच्या दोरीवर बसते. आधी मी बारीक भोक पाडून आत तुंबलेलं पाणी सोडीन. मग मागचं हाड काढून तो मेलेला भाग बाहेर घेईन.’’

‘‘मेंदू काढायचा?’’

‘‘काढायचा.’’

‘‘जगंल?’’

‘‘न उघडता संध्याकाळपर्यंत मरेल. उघडून काय होईल सांगता येत नाही. आजवर अशी दोन केलीत. एक टेबलावर गेला. दुसरा गणपतीच्या देवळामागं सायकली दुरुस्त करतो. सही कर.’’

पेन मोडला होता. सिस्टरनं दुसरा दिला, हातभर लांब उभी राहून.

हंबीरराव डोकं धरून बाकावर बसला होता. जमिनीकडं बघत म्हणाला, ‘‘तुला फाशी व्हईल, अर्ज्या. पैला फटका तुजा.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. तो उठून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

माझ्या दंडातनं एक बाटली रक्त काढलं. मग दाराबाहेर बसवलं. दार पातळ होतं, सगळं ऐकू येत होतं. आधी गिरमिट फिरल्याचा आवाज आला, सुतार चौकटीला भोक पाडतो अगदी तसा. मग बारीक चिळकांडीचा आवाज आणि डॉक्टर म्हणाला, ‘‘बघ किती दाब होता.’’ मग बराच वेळ काही नाही. मग कटक. पुन्हा कटक. अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं ते माझ्या भावाच्या मानेवरचं हाड कातरत होते. मी कटकटी मोजायला लागलो, आणि आपण काय करतोय हे कळल्यावर थोबाडीत मारून घेतली. वैनी समोर बसली होती. ती म्हणाली, ‘‘मारा, आणखी मारा.’’ मी मारत राहिलो. गाल सुजला तशी ती म्हणाली, ‘‘बास. हात दुखंल तुमचा.’’

मध्येच आत गडबड झाली. ‘‘श्वास गेला, दाबा पिशवी!’’ कुणीतरी धावलं. वैनीनं माझा हात धरला. आदल्या दिवशी मला रांडेचा म्हणालेली बाई, तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मग डॉक्टरचा आवाज आला, ‘‘आलं, आलं. पडदा फाडला की आपण होऊन बाहेर उसळलं. ओढून घे ते.’’

तीन तास गेले. सिस्टर पांढरं तसराळं घेऊन बाहेर आली. त्यात नासलेल्या खरवसासारखं काहीतरी होतं, राखाडी, रक्तानं माखलेलं, आणि हाडाची खांडं. तिनं झाकलं नव्हतं. मुद्दामच झाकलं नव्हतं असं मला आजही वाटतं. मला ओकारी आली नाही. मारताना आली नव्हती, तर आता कसली?

डॉक्टर भिंतीला टेकून उभा राहिला. अंगावरचा झगा पोटापर्यंत लाल. ‘‘श्वास त्याचा तो घेतोय,’’ म्हणाला. ‘‘चार-सहा दिवस काही विचारू नका. शुद्धीवर आला तरी वाचला म्हणू नका. ज्या दिवशी ठसका न लागता पाणी गिळेल त्या दिवशी म्हणा. तोवर नळीनं. उजवा हात आणि तोल कितपत परत येईल हे मला विचारू नका.’’ मग म्हणाला, ‘‘कागदावर मी मारहाण लिहिलीय. पोलिसांना कळवणार.’’

‘‘कळवा.’’

‘‘तुमच्या गावात माणसाला ओकारी झाली तर पाणी द्यायची पद्धत नाही काय?’’



तिसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले. सहाव्या दिवशी बोलला. शब्द एकेक अक्षर तोडून यायचे, रस्त्यावरची खडी फोडावी तसे. त्याला सगळं आठवत होतं. माझ्याकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. तोंड फिरवलं की टाक्यांची मान दुखायची, तरी फिरवायचा.

आठव्या दिवशी दुपारी हंबीरराव पोलीस जमादाराला घेऊन आला. हाताला पट्टी, तोंडाला पान. जमादाराच्या हातात कागद तयारच होता.

‘‘राम राम हवालदारसाब,’’ जमादार म्हणाला. ‘‘आपला जबाब. नुसता अंगठा पायजे, तरास न्हाई द्यायचा तुमाला.’’ आणि दादाचा उजवा हात उचलून शाईच्या डबीकडं न्यायला लागला. तो हात ओल्या फडक्यागत लोंबत होता.

दादानं डावा हात कागदावर ठेवला. ‘‘वा...च.’’

‘‘काय वाचायचं त्यात? तुमी पायरीवरनं...’’

‘‘वाच!’’

जमादारानं वाचलं. दादा विहिरीच्या पायरीवरनं घसरला, कुणावर संशय नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सरपंचाची साक्षीदार म्हणून सही झालेली होती.

‘‘खो...टं,’’ दादा म्हणाला. ‘‘मला... मार...ला.’’

‘‘कोणी?’’

दादानं डावा हात उचलला. बोट हवेत फिरलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. ‘‘पै...ला... ह्यो.’’

हंबीररावाच्या तोंडावर हसू आलं. त्याला वाटलं मी आता नाही म्हणणार. मी नाही म्हटलं असतं तर सगळंच पुसलं जात होतं, माझंही. मला वाईट वाटलं नाही. माझा भाऊ खरं बोलत होता, आठ दिवसांनी माझ्याकडं बघून बोलत होता.

‘‘व्हय,’’ मी जमादाराला म्हणालो. ‘‘फाडा त्यो कागद. नवा घ्या. पैला फटका मी मारला.’’

‘‘यड लागलंय ह्येला!’’ हंबीरराव उठला. ‘‘जमादार, चला. अर्ज्या, तुज्या उसात जनावरं सोडीन मी.’’

‘‘सोड. पेटीवलास तरी चालंल.’’

डॉक्टर मगदूम दारात येऊन उभा होता, कधी आला कळलं नव्हतं. ‘‘जमादारसाहेब, माझ्या नोंदीत वळ मोजलेले आहेत,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘पायरीचा जबाब लिहिलात तर मी कोर्टात येऊन तो वाचून दाखवीन.’’

जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं. सरपंचाकडं बघितलं, डॉक्टरकडं बघितलं. मग खुर्ची ओढून बसला. ‘‘बरं, दुसरा कोण?’’

मी सांगितलं. तिसरा सांगितला. चौथ्याचं आडनाव आठवेना, ते वैनीनं सांगितलं. जमादाराच्या कागदाची एक बाजू भरली, त्यानं पालटला. हंबीरराव दाराकडं सरकला तर वैनी आधीच उंबऱ्यावर जाऊन बसली होती, ती हलली नाही.

‘‘सरपंचांनी किती मारलं?’’

‘‘एकबी न्हाई. ते मोजत हुते. त्यांचं नाव सगळ्यांच्या वर घ्या.’’

मला घेऊन जमादार निघाला तेव्हा दादानं पाणी मागितलं. सिस्टरनं नळी आणली, तर त्यानं मान हलवली. मग वैनी उंबऱ्यावरनं उठली आणि चमच्यानं एक घोट तोंडात सोडला. जमादारानं माझं बखोट धरलं होतं. ‘‘थांबा जरा,’’ मी म्हणालो. तो थांबला. आम्ही सगळे दादाच्या गळ्याकडं बघत उभे राहिलो, डॉक्टरसुद्धा. गळ्याची घाटी वर गेली, अडकली, आणि खाली आली. ठसका आला नाही. वैनीनं दुसरा चमचा भरला.

‘‘चला आता,’’ मी जमादाराला म्हणालो.